घट्ट वेणीने मुळं मजबूत होत नाहीत

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणींनी पाठवला. पहिला बचतगटाच्या ग्रुपवर आला, शेवटचा माझ्या भावजयीकडून. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. केस गळतात ते बोअरच्या आणि मचूळ पाण्याने. वेणी घट्ट घातली की मुळं मजबूत होतात, आजीचे केस गुडघ्यापर्यंत होते ते त्यामुळेच. केराटिन आणि स्मूदनिंग, म्हणजे पार्लरमध्ये केस सरळ, मऊ करण्याचे उपचार, हा केसांना प्रोटीनचा खुराक. आणि काही बिघडलंच, तर रोज रात्री खोबरेल चोळा, सगळं भरून येतं.

मी वेंगुर्ल्यात वीस वर्षं पार्लर चालवते. स्मूदनिंग मीही करून देते. गणपतीला चाकरमानी यायच्या आधी माझ्याकडे रांग लागते आणि यंदा त्या रांगेतल्या बायका हा मेसेज वाचून येणार आहेत, म्हणून आधीच लिहिते.

पाण्याचं पटकन सांगते. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने केस राठ होतात, गुंता वाढतो, विंचरताना तुटतात. पण पाणी पडतं सगळ्या डोक्यावर. मग केस नेमके कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेलाच का विरळ व्हावेत? आणि त्याच विहिरीवर न्हाणाऱ्या जावेची कानशिलं भरलेली कशी? ‘ताई, पाणी लागला गो माका’ म्हणत कोणी खुर्चीत बसली की मी आधी तिचा रबर बघते. बहुतेक वेळा तो माथ्यावर उंच, तीन वेढे देऊन करकचून आवळलेला असतो.

ओढीने केस जातात हे वैद्यकाला शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. १९०७ साली ट्रेबिच नावाच्या अभ्यासकाने ग्रीनलंडमधल्या बायकांचं निरीक्षण नोंदवलं होतं. त्या केस वर ओढून घट्ट बांधायच्या आणि कडेचे केस गमवायच्या. पगडीखाली केसांची गाठ घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांतही डॉक्टरांना हेच दिसलं. डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, म्हणजे ताणामुळे पडणारं टक्कल. देश वेगळा, पाणी वेगळं, तेलही वेगळं. ओढ तेवढी सारखी.

आत काय होतं ते समजून घ्या. केसाचं मूळ कातडीतल्या एका पिशवीत बसलेलं असतं. रोज ताण बसला की तिच्याभोवती सूज येते, केस वेळेआधी सुटतो, पुढचा येतो तो बारीक. लावणीच्या वेळी तरवा ओढला की तो मुळासकट हातात येतो, त्याचं मूळ घट्ट होत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. सुरुवातीला वेणी सैल केली तर काही महिन्यांत केस परत येतात. पण वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर पिशवीच्या जागी व्रण तयार होतो, आणि तिथून केस पुन्हा उगवत नाही.

डोकं सूचना देतं. बांधल्यावर कपाळ ठणकतं, केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येतात, रात्री वेणी सोडली की कातडी हुळहुळते. कडेला फक्त एक विरळ झालर उरते आणि तिच्या मागची जागा मोकळी दिसते. ही झालर म्हणजे ओढीची खूणच.

आता आजीचे केस. माझ्याही आजीचे लांब होते. पण तिचा अंबाडा मानेवर, सैल असायचा, आकडे दोन-तीनच, आणि रात्री तो सुटायचा. सुरंगीच्या फुलांचा वळेसर माळला तरी त्याचं वजन ते किती! आज आपण तोच वळेसर बसावा म्हणून अंबाडा फुगवायला आत स्पंजचा डोनट भरतो, वीस पिना खुपसतो, स्प्रे मारतो आणि लग्नाच्या सीझनमध्ये हे लागोपाठ करतो. आणि घट्ट बांधणाऱ्या आज्याही होत्या. घरातले जुने फोटो काढा, कितीतरी जणींच्या कपाळाच्या कडा मागे सरकलेल्या दिसतील. त्यांची आठवण मेसेजमध्ये येत नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते शाळेत जाणाऱ्या पोरींचं. एसटी चुकेल म्हणून ओल्या केसांनाच तेल थापून दोन वेण्या, वर दुमडून रिबिनी. ओला केस कमजोर असतो, जास्त ताणला जातो आणि तुटतो. पावसाळ्यात आपल्याकडे केस वाळतच नाहीत हे मलाही कळतं. मग आदल्या संध्याकाळी न्हाऊ घाला. वेणी घातल्यावर पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या असतील तर ती सोडा आणि पुन्हा घाला. पाच मिनिटं जातील.

केराटिनच्या ‘खुराका’बद्दल तर मला संताप येतो. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो काही खात नाही. केसाला प्रोटीन मिळतं ते रक्तातून, मुळाशी, म्हणजे बांगडा मासळीतून, कुळथाच्या पिठीतून. स्मूदनिंगचं क्रीम केसातले गंधकाचे बंध तोडतं, मग इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या औषधाने ते बंध पुन्हा जोडतात. सगळे जुळत नाहीत, म्हणून केस आधीपेक्षा कमजोरच होतो. बरंच केराटिन वेगळं चालतं. त्यात फॉर्माल्डिहाइड असतं, किंवा इस्त्रीच्या २०० अंशांवरच्या उष्णतेने ते सोडणारं रसायन असतं. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळलं की फॉर्मेलिन. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोव्याने बाहेरची मासळी आणायला बंदी घातली, तेव्हा आपण महिनाभर दुसरं काही बोलत नव्हतो. त्याचाच धूर पार्लरच्या बंद एसी खोलीत डोळ्यांत झोंबतो आणि आपण त्याला खुराक म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे रसायन माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

‘फॉर्मेलिन फ्री’ लिहिलेल्या बाटल्यांत बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असतं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २६ वर्षांच्या एका मुलीची हकिकत छापून आली. तिने या अ‍ॅसिडच्या क्रीमने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. ते वाचल्यावर तसल्या बाटल्या मी ठेवणं बंद केलं. लेबलवर मेथिलीन ग्लायकॉल दिसलं तरी नको म्हणा, ते फॉर्माल्डिहाइडचंच दुसरं रूप.

स्मूदनिंग करायचंच असेल तर क्रीम टाळूला लागू देऊ नका. पुढच्या वेळी फक्त नव्याने वाढलेल्या केसांवर करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत जेमतेम सहा सेंटिमीटर. त्याखालच्या केसावर पुन्हा क्रीम फिरवलं की तो जोडावरच तुटतो. ब्लीच आणि स्मूदनिंग एकत्र तर नकोच. आणि केल्यानंतर महिनोन्महिने उंच बांधू नका. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांनी शाळकरी मुली आणि बायका तपासल्या तेव्हा रसायनाने सरळ केलेल्या केसांना ताण दिला की टक्कल जास्त दिसलं.

राहिलं खोबरेल. ते मी रोज वापरते आणि त्याची बाजू घेऊनच बोलते. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसात शिरतं आणि केसातलं प्रोटीन वाहून जाणं कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलाने ते झालं नाही. म्हणजे ते केसाच्या दांड्याला जपतं. व्रण झालेल्या मुळाला ते उठवत नाही, आणि जोरात चोळलं तर आधीच दुखावलेले केस आणखी निघतात.

गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आला, आणि दिवसाला ५० ते १०० असे केस जाणं नेहमीचं आहे. गाठ नसेल तर तो मधेच तुटला, म्हणजे क्रीम, इस्त्री, ओले केस विंचरणं यांच्याकडे बघा. बाळंतपण किंवा मोठा ताप होऊन दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केस जात असतील तर ते वेगळं, त्यात बहुतेकदा केस परत येतात. पण कानशिलाची कातडी गुळगुळीत, चकचकीत लागली आणि केसांची छिद्रं दिसेनाशी झाली, तर माझ्याकडे येऊ नका. ओरोसला किंवा रत्नागिरीला जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना डोक्याला जे काही लावलं होतं त्या प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो बरोबर न्या.