स्थलांतराचा धडा घरापासून सुरू व्हावा

कोल्हापुरातील एका शाळेत नववीच्या भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांना एक उपक्रम दिला: आईवडील आणि आजीआजोबा कुठे जन्मले हे घरी विचारायचे आणि नकाशावर त्या गावांपासून कोल्हापूरपर्यंत बाण काढायचे. काही पालकांनी हरकत घेतली, आणि आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या गटात सध्या त्याच हरकतीची पाठराखण चालली आहे. अशा चौकशीने ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ हा भेद वर्गात शिरेल, शिवाय दहावीला भूगोल चाळीसच गुणांचा आहे, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडमधील लेस्टरमध्ये, जिथे मी राहतो, हे वाचताना मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

भेद वर्गात आधीच शिरलेला आहे. शिरोलीच्या फौंड्रीत राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांविषयी घरात जे बोलले जाते, ते मुले ऐकतातच. बाण काढले तर निदान एवढे कळेल की बहुतेक प्रत्येक घराला एखादा तरी बाण आहे. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 45 कोटी स्थलांतरित नोंदले गेले, आणि स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. माझी आई निपाणीहून लग्न होऊन आली. तिला कोणी कधी बाहेरची म्हटले नाही.

दहावीचे पुस्तक भारताची ब्राझीलशी तुलना करते, ते योग्यच आहे. पण घाट उतरला की रत्नागिरी आहे, जिथे 2001 ते 2011 या दशकात लोकसंख्या घटली आणि हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ते पुरुष मुंबईला गेले की वय आणि लिंगानुसार लोकसंख्या दाखवणारा मनोरा कसा बदलतो, हे याहून जवळ कुठे शिकायला मिळणार? आणि माणसांना घराबाहेर ढकलणारी कारणे शिकवायची असतील, तर कोल्हापूरजवळचे वळिवडे गाव आहे. सोव्हिएत राजवटीने सायबेरियात धाडलेले, पुढे इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत राहिले. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे वसली आणि गांधीनगर उभे राहिले. गांधीनगरच्या ज्या बाजारात आपण लग्नाचा बस्ता बांधतो, तो याच धड्याचा भाग आहे, आणि तो मुलांना कळू नये असे या मंडळींना का वाटावे, हे मला खरोखर समजत नाही.

माझ्या मुलीच्या इयर नाइनच्या वर्गात 1972 शिकवले गेले. युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितले, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. मुलांनी ती जाहिरात वर्गात वाचली. त्या वेळी येथे आलेल्यांची नातवंडेही त्या वर्गात होती. कोणावरही आभाळ कोसळले नाही. यावर एका मित्राने 2022 च्या लेस्टरमधील हिंदू-मुस्लिम तणावाची आठवण करून दिली. तो तणाव मी जवळून पाहिला आहे. त्याचे मूळ भूगोलाच्या धड्यात नव्हते, एवढे मी ठामपणे सांगतो.

मग त्याने लिहिले, ‘तू सोडून गेलास, आता तुझे काय?’ हे लागले. 2021 च्या जनगणनेत लेस्टरचे सुमारे 41 टक्के रहिवासी ब्रिटनबाहेर जन्मलेले होते, त्यांत मी आहे. 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाची भारताची जनगणना होईल, तेव्हा राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या नोंदीत मी नसेन. एका शहराच्या बेरजेत आणि दुसऱ्याच्या वजाबाकीत असलेल्या माणसाला या धड्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही, असे कोणी म्हटले की मला माझे गावच नाकारल्यासारखे वाटते, आणि माझ्या रागाचा मोठा भाग त्यातूनच आला आहे.

म्हणून त्या शिक्षकांना माझी विनंती आहे की उपक्रम थांबवू नये, उलट वाढवावा. पुणे, दुबई, लेस्टरकडे निघालेले बाणही काढून घ्यावेत. गळीत हंगामात बीडहून आलेली ऊसतोड कामगारांची मुले जिल्ह्यातील शाळांत बसतात, त्यांच्याशीही या वर्गाची गाठ घालून द्यावी. त्यांचा बाण दरवर्षी येतो आणि परत जातो. तो नकाशावर कसा दाखवायचा, हे त्यांनाच विचारावे.