गोळी डावीकडे गेली तर माशीही डावीकडेच

कोरेगावच्या भाच्याने परवा एक मजकूर पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरंय का?" जुन्या .303 रायफलीची साईट कशी लावायची, याचा तो मजकूर. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साईट, कारखान्यातच कायमची बसवलेली असते. गोळी डावीकडे जात असेल तर माशी उजवीकडे सरकवावी. वर जात असेल तर माशी कानशीने घासून बुटकी करावी. नळीतून सुटलेली गोळी आधी वर उसळते. आणि साईटवर 2000 यार्डांचा आकडा आहे, म्हणजे पूर्वीचे जवान तेवढ्या लांबून एकेक माणूस टिपत. साताऱ्याकडे गावोगावी फौजी घरं, त्यामुळे असला मजकूर इथे हातोहात फिरतो आणि एनसीसीची पोरं तो पाठ करून रेंजवर जातात. मी आर्मरर, म्हणजे फौजेतला हत्यारं दुरुस्त करणारा होतो, याच रायफली उघडण्या-जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पाचही गोष्टी चुकीच्या आहेत.

माशी कायमची नसते. नळीच्या टोकावरच्या ठोकळ्याला आडवी खाच असते, तीत ती घट्ट बसवलेली असते. डावी-उजवी सरकवता यावी म्हणूनच खाच आडवी. 1916 पासूनच्या मार्क थ्री स्टार नमुन्यात तर मागच्या साईटची डावी-उजवी करायची सोयच काढून टाकली. मग ती दुरुस्ती माशीवर नाही करायची तर कुठे? त्यासाठी आर्मररकडे स्क्रूवर चालणारा छोटा शिकंजा असतो, फोरसाईट क्रॅम्प. हातोडीचं ते काम नव्हे.

आता दिशा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नेम धरताना मागच्या साईटची खाच, माशीचं टोक आणि टार्गेट एका रेषेत आणतो. माशी डावीकडे सरकवली की तिला पुन्हा टार्गेटवर आणायला नळीचं तोंड उजवीकडे न्यावं लागतं, आणि गोळी उजवीकडे लागते. म्हणून माशी नेहमी चुकीच्या मागे जाते: गोळ्या डावीकडे पडतात तर माशी डावीकडे. मजकुरातला नियम मागच्या साईटचा आहे, तो माशीला लावलाय. आणि सरकवायची तरी किती? या रायफलीत दोन साईटमधलं अंतर सुमारे 19 इंच. 100 यार्ड म्हणजे 3600 इंच. माशी एक मिलीमीटर हलली की 100 यार्डांवर गोळी 18-19 सेंटीमीटर सरकते, जवळजवळ वीतभर. उलट्या दिशेने एकच मिलीमीटर ढकलली तरी पोरगा टार्गेटबाहेर जातो आणि शिव्या त्याच्या नेमाला बसतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजून वाईट वाटतं.

कानशीचा सल्ला तर त्याहून घातक. माशी बुटकी झाली की तिचं टोक टार्गेटवर आणायला नळीचं तोंड अजून उचलावं लागतं, म्हणजे वर जाणारी गोळी आणखी वर जाते. आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. फौजेत वेगवेगळ्या उंचीच्या माशा मिळायच्या, 15-15 थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरकाने. एक पायरी उंच माशी लावली की 100 यार्डांवर गोळी साधारण पावणेतीन इंच खाली येते.

गोळी वर उसळत नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडायलाच लागते. 100 यार्डांत सुमारे तीन इंच पडते. नळी नजरेच्या रेषेपेक्षा खाली असते आणि किंचित वर रोखलेली असते, म्हणून गोळी ती रेषा खालून वर ओलांडते. साईटवरची पहिली खूणच 200 यार्डांची. त्या खुणेवर 100 यार्डांचं टार्गेट मारलं की गोळी तीनेक इंच वर लागणारच. त्यात माशीचा काय दोष?

2000 चा आकडा एकेका माणसासाठी नव्हताच. लांबवरच्या जमावावर अख्ख्या तुकडीने एकदम गोळीबार करायचा, त्या काळातला तो आकडा. ईशापूरच्या रायफल कारखान्यात पुढे याच रायफलीची 7.62 मिलीमीटरची 2ए1 झाली, तिच्या साईटवर 800 मीटरपर्यंतच खुणा आहेत.

आणि मजकुरात जे नाहीच, ते लाकूड. या रायफलीचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जातं. पाटण-कोयनेकडच्या पावसात ते फुगतं, नळीवर दाब बदलतो आणि काल बरोबर लागणारी रायफल आज बाजूला मारते. नळीत तेल राहिलं असेल तर पहिली गोळीही भलतीकडे जाते. भाच्याला मी एवढंच लिहिलं: स्वतः माशीला हात लावू नकोस. नळी कोरडी पुसून घे, आर्मररला सगळे स्क्रू आणि लाकूड बघायला सांग, मग एकाच नेमाने पाच गोळ्या मारून त्यांचा ग्रुप घे. ग्रुप एका जागी येत असेल आणि तरीही बाजूला असेल, तरच टार्गेटचा तो कागद आर्मररच्या हातात दे.