वीर्य ही लस नव्हे, दाजी!

‘पतीचं वीर्य म्हणजे पत्नीसाठी नैसर्गिक लस. नियमित संबंधांनी योनीतली प्रतिकारशक्ती वाढते, मग एचआयव्हीही शिरत नाही. आफ्रिकेत हे सिद्ध झालंय. कंडोमने हे कवच मिळत नाही, उलट कॅन्सर होतो.’ हा फॉरवर्ड नाशिकच्या सिडको-सातपूरच्या ग्रुपांवरून फिरत माझ्या मावसताईपर्यंत आला, तोही दाजींच्याच मोबाइलवरून. कंडोम त्यांना आधीपासूनच नको होता, आता हाताशी ‘विज्ञान’ आलं.

आधी मुख्य थाप. वीर्यामुळे तिथली प्रतिकारयंत्रणा जागी होते, एवढं खरं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी संबंधानंतर साधारण बारा तासांनी महिलांच्या गर्भाशयमुखाचे बारीक तुकडे तपासले. निष्कर्ष २०१२ साली आले. कंडोम नव्हता तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी जमली होती: मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी, टी पेशी. कंडोम वापरलेल्यांत ती नव्हती. फॉरवर्डवाल्याने इथवर वाचून टाळ्या पिटल्या असाव्यात. अहो, एचआयव्ही शिरतो तो याच पेशींत! त्यातल्या सीडी४ प्रकारच्या टी पेशी हेच त्याचं मुख्य भक्ष्य. ही गर्दी गर्भधारणेच्या तयारीचा भाग मानतात. तिला तुम्ही पहारा म्हणताय, विषाणूसाठी ते वाढलेलं ताट आहे.

भरीला, योनीचा आम्लपणा हे खरं कवच, आणि वीर्य तोच काही तास घालवतं. जर्मनीत उल्मच्या शास्त्रज्ञांना २००७ साली वीर्यातल्या एका प्रथिनाच्या तुकड्यापासून बनणारे तंतू सापडले. प्रयोगशाळेत हे तंतू विषाणूला पेशीवर चिकटवतात आणि लागण कितीतरी पटींनी वाढवतात. प्रत्यक्ष शरीरात किती, यावर वाद आहे. पण मुळात उपचार न घेणाऱ्या बाधित पुरुषाच्या वीर्यातच एचआयव्ही असतो. लस म्हणे!

आफ्रिकेचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो. नैरोबीतल्या काही देहविक्रय करणाऱ्या महिलांना वर्षानुवर्षं लागण झाली नाही. काहींनाच, त्याच वस्तीतल्या कितीतरी जणींना झाली. वाचलेल्यांच्या शरीरात एचआयव्ही ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या, वीर्याचा गुण नव्हे. आणि त्यांच्यातल्याही काहींना धंदा कमी केल्यावर लागण झाल्याचं २००१ साली प्रसिद्ध झालं. हे अर्थातच फॉरवर्डमध्ये नाही.

कंडोमने कॅन्सर? गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूने होतो, आणि त्यापासून कंडोम थोडाफार वाचवतोच. पुढे चला.

जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही असेल तर औषधाच्या गोळ्या आहेत. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात पुण्याची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्थाही होती. बाधिताने लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यात २०११ साली दिसलं. शंका असेल तर त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये दोघांनी जाऊन तपासून घ्या. पैसे लागत नाहीत, आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. जायची लाज वाटत असेल तर आधी १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा.