समान नागरी कायद्याचा पुरस्कार कसा करावा

समान नागरी कायद्याच्या बाजूने बोलायचं ठरवलंत, छान केलंत. फक्त सुरुवात घरातून करू नका. मोंढ्यातल्या टपरीवरून करा. तिथे बहिणी नसतात.

आधी राज्यघटनेचं कलम 44 पाठ करा. प्रयत्न राज्यानं करायचा असं त्यात आहे. तुम्ही करायचा असं कुठंच नाही. मग घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगी देणारा 1985 चा शाहबानो निकाल काढा, आणि तो फिरवणारा 1986 चा कायदा. इथे आवाज चढवा. मुद्दा खराच आहे, त्यामुळे अडचण येत नाही.

1951 साल मात्र काढू नका. हिंदू बायकांना वारसा-घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, ते हे साल. ‘धर्मात ढवळाढवळ नको’ म्हणून तेव्हा कोण ओरडत होतं, असं एखादं कॉलेजातलं पोरगं विचारायचं.

उत्तराखंडचा दाखला द्या, जानेवारी 2025 पासून तिथे कायदा लागू आहे. अनुसूचित जमाती त्यातून वगळल्यात, हे किनवटकडच्या आदिवासी भागातलं कुणी बसलेलं नसेल तरच बोला. गोव्याचं नाव जपून घ्या. तिथल्या पोर्तुगीज कायद्यात लग्न झालं की बायको सहसा निम्म्या मालमत्तेची धनीण होते, आणि असल्या बातम्या घरी लवकर पोचतात.

मामाच्या पोरीशी लग्न चालणार का, हिंदू अविभक्त कुटुंबाचं कर वाचवणारं वेगळं पॅनकार्ड राहणार का, असं कुणी विचारलं तर चहा सांगा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं प्रथेला सूट दिलेली आहे. आपली ती प्रथा, दुसऱ्याचं ते लांगूलचालन.

आता कामाचं. लेकीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 सालीच दिला (तेव्हा लग्न झालेल्या सोडून), केंद्रानं 2005 ला. म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र वेळेवर करून घ्यावं. वडिलांचं तेरावं झालं की लगेच; रडून थकलेलं माणूस कागद वाचत नाही. ‘भाऊ पाहिजे का बांध?’ हे आईच्या तोंडून विचारावं, तुमच्या तोंडी बरं दिसत नाही. सही झाल्यावर साडी घ्यावी. पैठण जवळ असलं तरी पैठणीच पाहिजे असं काही नाही.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात तुमचा विरोधक भेटेल. ‘शरियतला हात लावून दाखवा’ म्हणणारा तोच. शरियतनं बहिणीला भावाच्या निम्मा वाटा दिलाय हे त्याला तोंडपाठ आहे, आणि शरियत लागू करणाऱ्या 1937 च्या कायद्यानं शेतजमीन बाजूला ठेवली, हे त्याहून पाठ. 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हा याच्यासारख्यांनीच त्यांना धर्मबुडवे ठरवलं होतं. त्याचीही बहीण बाकावर बसलेली असेल, पदर सावरत.

‘काय भाई, इकडं कसं?’ विचारा.

‘तुमचं तेच आमचं, दादा.’

साक्षीदार दोन लागतात. एखादा कमी पडला तर एकमेकांच्या कागदावर सही ठोका. साक्षीदाराला धर्माची अट नाही.