'जुना पुणेकर' यांना उत्तर: एकशेदहा फॅरनहाइट आणि माझी भेसळ

काका,

वय तुम्हीच प्रतिक्रियेत सांगितलंत, चौऱ्याहत्तर, म्हणून काका म्हणते. 'पुणं तापतंय' या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला तिथल्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून ही वेगळी नोंद. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की पुण्याचा उच्चांक १८९७ सालचा आहे आणि तो अजून मोडलेला नाही, मग तापतंय कुठे? विसाव्या शतकात पुण्याचं तापमान उलट उतरल्याचा अभ्यास झालेला आहे, तो मी सोयीस्कर विसरले. पाऊस आजही सरासरीइतकाच पडतो. आणि तक्त्यात मी लोहगाव आणि शिवाजीनगरची भेसळ केली. "दुधात पाणी घालणारा गवळीसुद्धा दोन वेगळ्या गायींचं दूध म्हणून विकत नाही" हे त्यातलं वाक्य. ते आमच्या घरी दोन दिवस चहाबरोबर चघळलं जातंय.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करते, कारण तो खरा आहे.

झालं असं, की जुन्या वर्षांचे आकडे मी शिवाजीनगर वेधशाळेचे घेतले आणि अलीकडची काही वर्षं हाताशी लोहगावचे आकडे होते म्हणून ते जोडून दिले. दोन्ही 'पुणे'च, असा आळशी विचार केला. लोहगाव म्हणजे विमानतळ, मोकळं माळरान, धावपट्टी. उन्हाळ्याच्या दुपारी तिथला पारा शिवाजीनगरपेक्षा बऱ्याचदा वर असतो. म्हणजे माझ्या आलेखाच्या शेवटी जो झोकदार चढ दिसत होता, त्यातला किती हवामानाचा आणि किती मी शहर ओलांडून गेल्याचा, हे त्या आलेखावरून कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. आलेख काढून टाकला आहे. वाईट याचं वाटतं, की माझे वडील हयात असते तर त्यांनी हे पहिल्या नजरेत पकडलं असतं. कर्वेनगरच्या आमच्या गच्चीत त्यांनी पर्जन्यमापक ठेवला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू कुंड्यांना पाणी घालतात त्याचे थेंब त्यात पडतात असा संशय आल्यावर त्यांनी अख्ख्या जुलै महिन्याच्या नोंदींवर काट मारली होती. आई म्हणाली, अहो, थेंबभर पाण्याने काय होतंय! ते म्हणाले, थेंबभर की किती, हेच तर आता कळणार नाही.

आता १८९७. ३० एप्रिल १८९७ ला पुण्यात ४३.३ अंश सेल्सिअसची नोंद आहे आणि ती अजून अबाधित आहे, हे बरोबर. त्या काळी पारा फॅरनहाइटमध्ये वाचत. उलटं रूपांतर करून पाहा, जवळजवळ नेमके ११० येतात. तुम्ही सांगितलं नाहीत पण थंडीचा नीचांकही असाच आहे: १७ जानेवारी १९३५, १.७ अंश, म्हणजे ३५ फॅरनहाइट. तोही मोडलेला नाही. आता तुमचाच न्याय लावायचा तर उच्चांक मोडला नाही म्हणून पुणं तापलं नाही आणि नीचांक मोडला नाही म्हणून पुणं गारही झालं नाही. मग उरलं काय?

डिसेंबर १९४८ मध्ये आपल्याच पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. (समोरचा संघ पुढे खेळायलाच तयार झाला नाही, ही कथा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल.) प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. म्हणून १९४८ नंतर भारतीय फलंदाजी घसरली असं कुणी म्हणतं का? विक्रम म्हणजे एक दिवस, एक खेळपट्टी, एक जमून आलेला योग. ३० एप्रिल १८९७ ही अशीच एक दुपार. फलंदाजी कशी चालली आहे ते बघायचं तर शेकडो डाव बघावे लागतात, आणि हवामान कसं चाललंय ते बघायचं तर हजारो दुपारी आणि त्याहून जास्त हजारो पहाटा. एप्रिल २०१९ च्या अखेरीस शिवाजीनगरचा पारा ४३ च्या घरात गेला होता, १८९७ च्या अगदी उंबऱ्यापर्यंत. पण त्या दुपारीवरूनही मी काही सिद्ध करणार नाही. तुम्हाला जो नियम, तोच मला.

दुसरा मुद्दा तुमचा सगळ्यात वजनदार, आणि इथे मी खरंच अडचणीत आहे. गाडगीळ आणि धोरडे या दोघा अभ्यासकांनी पुण्याच्या १९०१ ते २००० या शंभर वर्षांच्या तापमानाचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वार्षिक सरासरी आणि कमाल तापमानाचा कल उतरता निघाला, हिवाळ्यात जास्तच. मी तो लपवला नाही, पण लिहिलाही नाही, आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. शिवाजीनगरला राहणाऱ्या माणसाला 'पुणं तापतंय' असं ठासून सांगायचं असेल तर हा अभ्यास पहिल्या परिच्छेदात यायला हवा होता.

पण त्याच अभ्यासकांनी या उताराचं कारण काय दिलं, तेही बघा: हवेत तरंगणारे धूलिकण. धूळ, धूर, वाहनं, बांधकामं. हे कण ऊन अडवतात, काही परत वर फेकतात, आणि दुपारचा पारा थोडा दबतो. हिवाळ्यात वारा पडलेला असतो, हवा जमिनीलगत कोंडून राहते, त्यामुळे हा परिणाम तेव्हा ठळक. डिसेंबरच्या सकाळी पर्वतीवरून शहराकडे पाहिलंत तर ती करडी साय दिसतेच की. म्हणजे पुणं थंड झालं ते निसर्ग सुधारला म्हणून नव्हे. घाणेरड्या छत्रीखाली उभे होतो म्हणून. अंगावर घोंगडी असली की बाहेर ऊन वाढलंय की कमी झालंय हे कळत नाही, तसं काहीसं.

देशाचा एकत्रित हिशेब मात्र वेगळा येतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल (ज्याचं बरंचसं काम आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत झालं) सांगतो, की १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि धूलिकणांनी त्यातली काही वाढ दाबून ठेवली आहे. एक शहर आणि एक देश यांत फरक पडू शकतो. माझ्या लेखाचं नाव देशाच्या आकड्याला शोभणारं होतं आणि मी ते शहराला चिकटवलं.

शहराबद्दल मी एवढंच म्हणेन: 'पुण्याचं तापमान' ही एकच गोष्ट उरलेली नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे पाषाण किंवा एनडीए आणि मगरपट्टा, वडगावशेरी यांच्या किमान तापमानात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते हळूहळू सोडतात. तुम्ही लिहिलंत, "आमच्या वाड्यात पंखा नव्हता." नसणारच. जाड मातीच्या भिंती, मधला चौक, आणि रात्री गच्चीवर झोपायची सोय. आता त्याच जागी सात मजले आणि खाली गाड्या. १८९७ ची नोंद झाली तेव्हा तर 'सिमला ऑफिस'ची इमारतही नव्हती. हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून इथे आलं १९२८ मध्ये. तुमच्या आठवणीतला गारवा खरा होता, फक्त तो वेधशाळेतल्या काचेच्या नळीत सापडेलच असं नाही.

याच लेखाखाली आणखी एकांनी "माझ्या गाडीत ४६ दाखवत होतं, वेधशाळा खोटं बोलते" असं लिहिलंय. त्यांनाही इथेच उत्तर. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत असतो. मोजायची असते हवा, गाडीचं पत्र्याचं बॉनेट नव्हे. उंची बदलली की आकडा बदलतो, आणि ती गंमत इथलीच आहे. पुण्यातल्या हवामान खात्याच्या कृषी विभागात काम करणारे एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवलं, की निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला टेकून नसते. ती जमिनीच्या किंचित वर, वीतभर अंतरावर असते. लोकांना पटेना. जमीनच आधी गार होते, मग तिच्यावरची हवा तिच्याहून गार कशी? आज तिला रामदास थर म्हणतात. पुणेकरांनी अभिमानाने सांगाव्यात अशा गोष्टींत बाकरवडीच्या बरीच वर तिची जागा आहे, पण सांगतं कोण.

पावसाकडे येते. "सरासरीइतकाच पडतो," असं तुम्ही म्हणता. पुण्यात वर्षाला सातशे-सव्वासातशे मिलिमीटर, ढोबळ मानाने बरोबर. पण ही सरासरी कुठल्या वर्षात कुणाला भेटली? वडिलांच्या वह्यांमध्ये जूनची कित्येक पानं कोरडी आहेत आणि शेवटच्या आठवड्यात एकदम शाई ओघळलेली. ऑक्टोबर २०१० मध्ये एका दिवसाच्या नोंदीत शिवाजीनगरला १८१ मिलिमीटर पडला, म्हणजे वर्षाच्या पावसाचा चौथा हिस्सा. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, त्यामुळे संध्याकाळी आपण गुडघाभर पाण्यातून घरी आलो तो पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर चढतो, हे जाता जाता. वर्षअखेरीच्या बेरजेत असा दिवस निमूट मिसळून जातो. शेतकऱ्याच्या आणि ओढ्याकाठच्या माणसाच्या लेखी मात्र तसं होत नाही.

जागेचाही प्रश्न आहेच. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला, शिवाजीनगरला सुमारे ११४. एकच जिल्हा, मध्ये साठ-सत्तर किलोमीटर आणि सह्याद्रीचा माथा. बारामती-दौंडकडे वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा ताम्हिणीत एका दिवसात. आणि हवामान खात्याच्या 'मध्य महाराष्ट्र' या एकाच उपविभागात महाबळेश्वरही बसतं आणि सोलापूरही. त्या उपविभागाने 'सरासरी गाठली' अशी बातमी आली की मला हसू येतं.

सरासरी हा शब्दही आपण दगडावरची रेघ असल्यासारखा वापरतो. तापमानासाठी ती तीस वर्षांची धरतात. पूर्वी १९६१ ते १९९० होती, मग १९८१ ते २०१०, आता १९९१ ते २०२०. त्यामुळे आज पेपरात 'सरासरीपेक्षा एक अंश जास्त' असं येतं तेव्हा ते अलीकडच्या, आधीच तापलेल्या दशकांच्या तुलनेत असतं. कापड मोजायचा गजच लांबत चालला तर कापड आखूडच भरणार. देशाच्या मोसमी पावसाची सरासरीही अशीच सरकली: १९६१ ते २०१० ची ८८ सेंटिमीटर होती, १९७१ ते २०२० ची ८७ झाली. तुमच्या आणि माझ्या 'सरासरी'ची साल वेगळी असेल तर आपण भांडतोय पण एकाच गोष्टीबद्दल नाही. माझ्या लेखात मी कुठली सरासरी धरली ते लिहिलंच नव्हतं, हीही चूक माझ्याच खात्यावर मांडा.

मुसळधार दिवसांबद्दल पाषाणच्याच संस्थेतल्या संशोधकांचं २०१७ चं काम आहे: मध्य भारताच्या पट्ट्यात, एकाच वेळी मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये जवळपास तिप्पट झाल्या. एकूण पाऊस मात्र तिथे वाढला नाही, उलट घटला. म्हणजे बेरीज न वाढताही पावसाची चाल बदलू शकते. हा आकडा पट्ट्याचा आहे. तो उचलून सिंहगड रोडवर आणून ठेवायचा मोह मला होतो, पण लोहगावच्या अनुभवानंतर गप्प बसते.

आणि प्रत्येक पूर हवामानाचा नसतो, यावर आपलं एकमत व्हावं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते तुमच्या वयाच्या माणसाला मी काय सांगणार. शहर बुडालं ते धरण फुटल्यामुळे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसं वाहून नेली, तेव्हा पाऊस मोठा होताच, पण ओढ्याची रुंदी कुणी खाल्ली होती हे कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत चालत गेलं की दिसतं. अशा वेळी 'हवामान बदल' म्हणणं पालिकेला फार सोयीचं असतं.

२०२५ च्या मे महिन्याचा उल्लेख तुम्ही "अपवाद" म्हणून केलात. २६ मेला मान्सून पुण्यात आला, नेहमीच्या १० जूनच्या पंधरा दिवस आधी. मृगाची वाट न बघता रोहिणीतच. एक वर्ष म्हणून तो अपवादच आहे, मान्य. फक्त मग १८९७ ची ती दुपारही त्याच रकान्यात टाका.

मूळ लेखाचं नाव बदलून 'पुण्याचा पारा: शंभर वर्षांचा घोळ' केलं आहे. आलेखाच्या जागी चुकीची कबुली आणि २००५ च्या अभ्यासावर एक परिच्छेद घातला आहे. शिवाजीनगर आणि लोहगाव असे दोन वेगळे आलेख करायला घेतलेत, सरासरीची सालं खाली स्पष्ट लिहीन. पुढच्या रविवारपर्यंत होतील. गायी दोन, किटल्या दोन. बघून सांगा.