‘पासिंग झालेली गाडी पुन्हा कशाला तपासायची?’

ट्रकवाल्यांची बाजू घेणारा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीचं पासिंग झालेलं असताना रस्त्यात अडवून पुन्हा तपासायची गरज काय? ब्रेक खराब असेल तर आधी चालकालाच कळतं. अपघात माणसाच्या चुकीने होतात, गाडीच्या नव्हे. तपासणी म्हणजे नुसता छळ. यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची टिकत नाहीत.

पासिंग म्हणजे त्या दिवशी गाडी ठीक होती याची पावती. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षात लाखभर किलोमीटर सहज धावतो. तेवढ्यात टायर आणि ब्रेकचे लाइनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे पट्टे) कुठल्या कुठे जातात. जादा भार, सैल सुटलेली दोरी, मागच्या दिव्यावर आलेली ताडपत्री हे तर भरलेली गाडी रस्त्यावर असतानाच दिसणार. उत्तर अमेरिकेत व्यावसायिक वाहनांना वार्षिक तपासणी बंधनकारक आहेच. तरी तिथे १९८८ पासून दरवर्षी ७२ तासांची रस्त्यावरची तपासणी मोहीम होते, आणि सविस्तर तपासलेल्या गाड्यांपैकी साधारण पाचातली एक जागीच थांबवावी लागते. मोहिमेच्या तारखा आधी जाहीर केलेल्या असतात, बरं का.

‘चालकाला कळतंच’ हा मुद्दा ऐकायला सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात चुकीचा. कारच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये बिघाड झाला की पेडल मऊ लागतं, खोल जातं. एअर ब्रेकचं पेडल हा फक्त हवेचा व्हॉल्व्ह. चाकाशी काय चाललंय ते पायाला समजत नाही. तिथे हवेच्या डब्यातला म्हणजे चेंबरमधला दांडा, पुशरॉड, पुढे सरकून ब्रेक आवळतो. लाइनर झिजले की त्याला जास्त सरकावं लागतं. टाइप ३० या मापाच्या साध्या चेंबरमध्ये तो जेमतेम अडीच इंच सरकू शकतो, आणि उत्तर अमेरिकेत दोन इंचांपुढे गेला की तो ब्रेक सदोष धरतात. मधला अर्धा इंच कशासाठी? लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, तेव्हा लागतो तो. तोही संपला की पुशरॉड टोकाला टेकतो आणि पाय कितीही दाबा, ब्रेक लागत नाही. सपाट रस्त्यावर हलक्या ब्रेकने हीच गाडी झकास थांबत होती! म्हणून तपासनीस गाडीखाली शिरून पट्टीने मोजतो.

२००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉकला एक डंपर उतारावर थांबेना आणि पुढे उभ्या असलेल्या गाड्यांवर आदळला. त्याला ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर होते, म्हणजे लाइनर झिजतील तसा ब्रेक आपोआप आवळून घेणारे भाग. ते आपोआप का आवळत नाहीत याचा शोध न घेता मेकॅनिक ते हाताने आवळत आले होते.

आता माणसाची चूक. अमेरिकेच्या सरकारी अभ्यासात (२००१ ते २००३, ९६३ अपघात) निर्णायक कारण ट्रकच्या बाजूला आलं, तिथे ८७ टक्के वेळा ते चालकाचं होतं, १० टक्के वेळा गाडीचं. हे आकडे मिरवणारे पुढचा आकडा गाळतात: त्याच अभ्यासात २९ टक्के ट्रकांच्या नावापुढे ब्रेकमधला दोष नोंदलेला आहे. त्या दोषानेच अपघात झाला असं यावरून सिद्ध होत नाही, मान्य. पण ‘निर्णायक कारण’ म्हणजे धडक अटळ करणारी शेवटची गोष्ट. चालकाला उशिरा दिसलं हे त्यात येतं. चांगल्या ब्रेकने गाडी अलीकडेच थांबली असती, हे येत नाही.

राहिला छळ. चिरीमिरीसाठी गाड्या अडवल्या जातात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर इलाज आहे तो निकष लेखी असण्याचा. उत्तर अमेरिकेत एकूण ब्रेकपैकी २० टक्के सदोष निघाले की गाडी थांबते. दहा ब्रेकांची असेल तर दोन पुरतात, तपासनिसाच्या मर्जीचा प्रश्न नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांत दोषांचे किरकोळ, मोठे आणि धोकादायक असे तीन वर्ग आहेत. फुटलेल्या दिव्यासाठी आणि तुटायला आलेल्या स्प्रिंगसाठी एकच वागणूक नाही.

आणि छळ नेमका कोणाचा, हेही बघा. मालक ‘एवढी खेप टाकून ये, मग बघू’ म्हणतो, तेव्हा पगारी चालकाला नाही म्हणता येत नाही. ‘दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवायची नाही’ असा कागद हातात पडला, तर त्याला ते म्हणावंच लागत नाही.