जर्मनीत फुकट शिकायचा खर्च

जर्मनीत शिक्षण फुकट असतं हे तुम्हाला शेजारच्या काकूंनी सांगितलंय. काकूंना ते भाच्याच्या मित्राने सांगितलंय, म्हणजे शंकेला जागाच नाही. तेव्हा 'फुकट' या शब्दावर गाढ श्रद्धा ठेवा आणि पुढचं काहीही वाचू नका. विद्यापीठाच्या साइटवरचे प्रवेशाचे नियम तर मुळीच नकोत, ते रिकामटेकड्यांसाठी असतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारा. तिथले सगळे तुमच्यासारखेच असतात: नियम कुणीच वाचलेला नसतो आणि उत्तर प्रत्येकाकडे असतं.

फुकटाची सुरुवात दिल्लीत होते. भारतातली पदवी खरी आहे का हे तपासणाऱ्या, जर्मन दूतावासाच्या विभागाचं नाव एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना त्याच्या दाखल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. फी १८,००० रुपये. दाखला यायला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून हे काम अगदी शेवटी ठेवा. आधी थंडीचं जाकीट आणि प्रेशर कुकर घेऊन टाका.

मग युनि-असिस्ट. अनेक विद्यापीठं परदेशी अर्ज स्वतः न उघडता यांच्याकडे पाठवायला लावतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. दहा ठिकाणी नशीब अजमावलंत की ३४५ युरो झाले. हिवाळी सत्राची मुदत १५ जुलै, हे सगळ्यांना पाठ असतं. तुम्हीही १४ जुलैच्या रात्री जेवून-खाऊन निवांत बसा. तुमच्या कोर्सने परदेशी विद्यार्थ्यांची मुदत ३१ मेलाच संपवलेली असेल, पण तसं त्यांनी साइटवर लिहिलंय आणि साइट न वाचण्याचं आपलं आधीच ठरलंय.

मार्कांची चिंता नको. तुमच्या ७.६ सीजीपीएचं जर्मन रूपांतर करायला एक सूत्र आहे: जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास यांच्यातल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. दहापैकी चार पास धरले तर उत्तर २.२ येतं. तिकडे १ सर्वोत्तम, ४ काठावर पास, ५ नापास. आता गंमत अशी की पासाची रेषा चारऐवजी पाच धरली तर तेच ७.६ जाऊन २.४४ वर बसतात, आणि कोर्सला २.३ किंवा त्याहून चांगलं हवं असेल तर तुम्ही बाहेर. म्हणून गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली पासाची अट कॉलेजकडून लेखी घ्यायच्या भानगडीत पडू नका. कारकुनाला का त्रास द्यायचा! आणि पुढे परीक्षेत १.३ मिळाले की घरी फोन करून फक्त आकडा सांगा. आजी देव पाण्यात घालून बसेल.

आता पैसे. व्हिसासाठी ब्लॉक अकाउंट नावाच्या कुलूपबंद खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात. ते तुमचेच असतात. तिकडे पोचल्यावर तेच पैसे महिन्याला ९९२ या हिशेबाने, खाऊला दिल्यासारखे, तुम्हाला परत मिळतात. म्युनिकला खोली घेतलीत तर बराचसा खाऊ घरमालकच खाईल. फुकटाचं म्हणाल तर बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळ्यापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला दोन ते सहा हजारांपर्यंत फी लावली आहे. पण ही माहिती काकूंना सांगू नका. त्यांनी पुढे चार जणांना पाठवलंय.

पोचलात? आता खोली. ज्याने घर न दाखवता 'मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' असं लिहिलं त्याच्यावर विश्वास ठेवा, एवढा सभ्य माणूस जर्मनीत दुसरा भेटणार नाही. जाहिरातीतलं 'काल्ट' म्हणजे थंड भाडं आणि 'वार्म' म्हणजे गरम भाडं यांतला फरक हवामानाचा समजा. थंड भाड्यात हीटिंग, पाणी, कचरा काही धरलेलं नसतं. डिपॉझिट कायद्याने थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतं. आणि 'स्वयंपाकघर नाही' असं लिहिलेलं असलं तर ते अक्षरशः नसतं: चार भिंती, भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप, आणि आधीचा भाडेकरू सिंकसकट गेलेला.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र खालच्या मजल्यावर आहे. पत्र्याच्या टपालपेट्यांची रांग. प्रत्येक पेटीवर बोटभर पट्टी, तिच्यावर आडनाव. जर्मन पत्त्यात बहुतेक ठिकाणी फ्लॅटचा नंबर नसतो, विंग नसते, 'मारुतीच्या देवळासमोर' नसतं. पोस्टमन पाकिटावरचं नाव आणि पट्टीवरचं नाव जुळवतो. जुळलं तर टाकतो, नाही तर पाकीट आल्या वाटेने परत. तुम्ही पोटभाडेकरू असाल तर पट्टीवर दुसऱ्याचं नाव असणार. तिथे आपलं नाव चिकटवायला एक कागदाचा तुकडा आणि सेलोटेप लागते. एवढं कशाला करायचं? या पेटीत काय काय येणार असतं तेवढं फक्त लक्षात ठेवा: बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, परदेशी नागरिक कार्यालयाचं पत्र. यातलं काहीच आलं नाही की 'जर्मन लोक फार थंड असतात' असं म्हणायला मोकळे.

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो, ज्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव उच्चारता येईपर्यंत पहिला आठवडा जातोच. भाडेकरार दाखवून भागेल असं समजून जा, भागत नाही. मग नवी वेळ घ्या. ती तीन आठवड्यांनी मिळेल.

नोंदणी झाली की एक पत्र मात्र नेमाने येतं. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही, रेडिओ नाही, जर्मन कळत नाही, यातलं काहीही चालत नाही. वर्गणी घराला आहे, कानांना नाही. एका घराला एकच वर्गणी पुरते, म्हणजे सोबतचा मुलगा भरत असेल तर त्याचा नंबर कळवून तुम्ही सुटता. पण तसं करू नका. पत्रं केराच्या टोपलीत टाकत राहा. ते स्वतःहून तुमचं खातं उघडतात आणि राहायला आलात त्या महिन्यापासूनची बाकी दंडासकट पाठवतात. तेव्हा कुठे ती खरी वाचनीय होतात.

विद्यापीठात मजा आहे. वेळापत्रकात १० च्या पुढे 'सी.टी.' लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर दहाच्या ठोक्याला. आपल्या माणसाला एस.टी. बघून वेगळंच आठवतं आणि तो अर्ध्या तासाने निघतो. बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते. कोणी विचारत नाही, कोणी घरी चिठ्ठी पाठवत नाही. पुष्कळ विषयांत सगळे गुण शेवटच्या एका लेखी परीक्षेवर असतात. त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी प्राग आणि पॅरिस करून घ्या.

परीक्षेला बसायचं तर आधी पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं, परीक्षेच्या बरेच आठवडे आधी, ठरलेल्या खिडकीत. कोर्सला प्रवेश आहे, पुस्तक पाठ आहे, हॉलमध्ये पेन घेऊन हजर आहात, तरी यादीत नाव नसेल तर पेपर मिळत नाही. प्राध्यापकांच्या केबिनबाहेर हात जोडून उभे राहा. ते अत्यंत नम्रपणे सांगतील की हे परीक्षा कार्यालयाचं काम आहे, आणि परीक्षा कार्यालय मंगळवारी नऊ ते अकरा उघडं असतं. उलट नाव नोंदवून, मुदतीत मागे न घेता, डॉक्टरचा दाखला न देता घरी झोपलात, तर बहुतेक ठिकाणी सरळ ५.०. पुष्कळ विद्यापीठांत एका विषयाला तीन संधी असतात. तिसरी गेली की 'एंडग्युल्टिष निष्ट बेश्टांडन', कायमचं नापास, नाव पटावरून खाली, आणि तोच कोर्स जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा बंद. ऑक्टोबरची एटीकेटी तिकडे नाही. पहिली संधी 'पेपर कसा येतो बघू' म्हणून वाया घालवायची आपली परंपरा मात्र सोडू नका.

सत्राचं शुल्क शंभर ते चारशे युरोंच्या आसपास असतं. बँकेतून भरताना 'कारण' या रकान्यात विद्यापीठाने दिलेला लांबलचक आकडा टाकायचा असतो. तिथे प्रेमाने 'फीज' लिहा. पैसे जातील, कोणाचे ते कळणार नाही, आणि पुढच्या सत्रासाठी नाव चालू ठेवायची मुदत निघून जाईल.

एवढं निभावलंत तर संशोधनाकडे वळा. तुमच्या गाइडला जर्मनमध्ये 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टर-बाप. बाई असतील तर डॉक्टर-आई. मायबाप सरकार या शब्दाचं मूळ बहुधा इथेच असावं, कारण हीच व्यक्ती पुष्कळदा तुमची साहेब असते, प्रबंधाला श्रेणी देणाऱ्यांत असते, आणि तुमचा करार वाढवायचा का हेही तीच ठरवते. यांना पत्र पाठवताना दोनशे जणांना एकच मजकूर धाडा, 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करा, आणि प्राध्यापक बाई आहेत का ते पाहू नका. सर्वांचे पत्ते उघडे राहिले तर उत्तम, त्यांनाही एकमेकांची ओळख होईल.

जाहिरातीत 'ई १३, ६५ टक्के' असं दिसेल. ई १३ ही वेतनश्रेणी, आणि त्याचा अर्थ तिच्यातला पगार ६५ टक्के. कामाचं माप वेगळं असतं. प्रयोग, विद्यार्थ्यांचे वर्ग, साहेबांचे अर्ज हे त्या ६५ टक्क्यांत, आणि ज्यासाठी आलात तो प्रबंध उरलेल्या वेळात, म्हणजे शनिवार-रविवार. २००७ च्या कायद्याने विद्यापीठातल्या अशा मुदतीच्या नोकऱ्यांना पीएचडीआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं अशी मर्यादा घातली. हेतू असा की माणसाला कायमची नोकरी मिळावी. माणसाला कायमची मिळाली ती तारीख मोजायची सवय. करार एकेका वर्षाचा असेल, आणि राहण्याचा परवाना त्याच्या शेपटीला बांधलेला.

गाइडच्या मताविरुद्ध निष्कर्ष काढायचा मोह आवरा. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, मानववंशशास्त्रज्ञ ऑयगन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावरून ठरतो या गुरूंच्या समजुतीला आपल्या मोजमापात आधार नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. त्यांचं निभावलं. पण त्यांना ब्लॉक अकाउंट नव्हतं.

शेवटी तोंडी परीक्षा होते. सहकारी पुठ्ठ्याची टोपी करून डोक्यावर घालतात, त्यावर तुमच्या सगळ्या फजित्या चिकटवलेल्या असतात. टोपी आली तरी पदवी आलेली नसते. प्रबंध छापून किंवा ग्रंथालयाच्या सर्व्हरवर चढवून ठरल्या प्रती जमा केल्या आणि प्रमाणपत्र हातात पडलं की मगच नावाआधी 'डॉ.' लावता येतं. त्याआधी लावलं तर जर्मन दंडसंहितेच्या १३२अ कलमाखाली दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. इकडे सांगलीत तोपर्यंत लग्नपत्रिका छापून तयार असते, 'चि. डॉ.' ठळक अक्षरात. छापू द्या. एक पत्रिका आठवणीने तुमच्या प्राध्यापकांनाही पाठवा. नक्की पोचेल, त्यांच्या पेटीवर नाव आहे.